चौदा वर्षांचं मेण

भीमसिंगने बॉनेटवर मगभर पाणी ओतलं आणि वाकून बघितलं. पाण्याचे थेंब अजूनही गोल होऊन इकडेतिकडे पळत होते. म्हणजे मेण अजून होतंच. सकाळपासून तिसऱ्यांदा त्याने बादलीत भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी कालवलं आणि फडकं बुडवलं.

वसमतच्या दुकानदाराने गाडीच्या रंगावर चढवायच्या नव्या कोटिंगची बाटली हातात देताना बजावलं होतं, "जुनं मेण सगळं उतरलं पाहिजे. नाहीतर हे धरणार नाही, तुमची मेहनत फुकट. पाणी टाकून बघायचं. थेंब जमले तर मेण बाकी आहे. पाणी सपाट पसरून वाहिलं तर समजा रंग कोरा झाला."

आता हे जुनं मेण परक्या कुणाचं नव्हतं. भीमसिंगनेच लावलेलं. काळी गाडी मूळची माणिकराव पाटलांची, आणि भीमसिंग चौदा वर्षं त्यांचा ड्रायव्हर होता. दर सोमवारी तो तिला मेण लावून लख्ख करायचा, आणि पाटील तिच्यात बघून मिशी नीट करायचे. दोन महिन्यांपूर्वी पाटलांनी नवी गाडी घेतली. तेव्हा ही जुनी त्याने रीतसर विकत घेतली, कागद करून घेतले आणि तांड्यावर आणून लिंबाखाली उभी केली. पण लोकांचं काय सांगावं! गाडी फाट्यावर दिसली की पारावरची माणसं उठून रामराम घालायची आणि काचेतून भीमसिंग दिसला की उचललेला हात तसाच खाली घ्यायची. बरं, लोकांना तरी काय बोल लावायचा? पाटलांचं फाटक आलं की याचाच पाय आपोआप ब्रेकवर जायचा. त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

त्याची बायको रूपाबाई जास्त पक्की. दोन महिन्यांत तिने गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. "पाटलाच्या गाडीत मी न्हाई बसत," ती म्हणायची. "आपली झाली की सांगा."

म्हणून आजचा हा खटाटोप.

दुपारच्या सुमाराला पाणी एकदाचं सपाट वाहिलं. मेण गेलं आणि खालचा रंग उघडा पडला. लिंबातून उन्हाची तिरीप पडली तेव्हा बॉनेटभर बारीक गोल गोल रेघा दिसल्या. चौदा वर्षं फडकं फिरवल्याच्या त्या खुणा, सगळ्या त्याच्याच हाताच्या. भीमसिंगला एकदम भरून आलं. जी चमक बघून गाव पाटलांना वाकत होतं, ती या हाताची होती.

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली आणि माणिकराव उतरले. कडक पांढरे कपडे, डोक्याला फेटा, हातात एक डबी. सोडणारा तसाच निघून गेला.

"भिमा, नवी गाडी सर्व्हिसिंगला गेली. जवळा बाजारला लग्न हाय, मला सोड बरं पटकन." मग त्यांची नजर गाडीवर गेली. "अरे, हे काय करून राहिला? पार कळा गेली की तिची! बरं झालं, तुझी मेणाची डबी आमच्याकडं राहिली होती, ती संगं आणली. मार एक हात."

माणिकराव वाईट माणूस नव्हते. आपण हुकूम सोडतोय हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. खरी पंचाईत तीच होती.

"जी मालक," भीमसिंगच्या तोंडून निघून गेलं. हात डबीत गेलाही. बॉनेटच्या कोपऱ्यात वीतभर जागा बघता बघता चमकायला लागली.

रूपाबाई दारातून बघत होती. ती पुढे आली, पाण्याचा मग उचलला आणि बॉनेटवर ओतला. सगळीकडे पाणी सपाट वाहून गेलं. त्या वीतभर जागेवर मात्र थेंब जमून बसले.

"बघा," ती एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

भीमसिंगचे कान तापले. आधी लाजेने, मग रागाने. राग पाटलांचा कमी आणि स्वतःचा जास्त. त्याने डबीला झाकण लावलं, ती पाटलांच्या हातात दिली, आणि फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून ती वीतभर जागा घासायला घेतली. घाई अजिबात केली नाही.

"अरे काहून घासून राहिला? मुहूर्त टळंल माझा!"

"टळू द्या."

चौदा वर्षांत असं उत्तर त्याच्या तोंडून कधी गेलं नव्हतं. पाटील त्याच्याकडे बघत असतानाच घरात पेटीचं झाकण वाजलं. भीमसिंगने पाणी ओतलं. कोपऱ्यातही पाणी सपाट वाहिलं, एक थेंब थांबला नाही. तेव्हा कुठे त्याने फडकं पिळून दोरीवर टाकलं.

"सोडतो तुमाला. बाजारात आमचंबी काम हाय," तो म्हणाला. "पण गाडी अशीच येईल. तिला काय लावायचं ते उद्या मी माझ्या मनानं लावीन."

माणिकराव पुटपुटत गाडीकडे निघाले. नेहमीच्या सवयीने त्यांनी मागचं डावं दार उघडलं आणि एक पाय उचलला, तो तसाच अधांतरी राहिला. आत रूपाबाई बसली होती. ठेवणीतली साडी नेसून, पदर सारखा करून, टेकून.

पाटलांनी भीमसिंगकडे बघितलं. तो स्टिअरिंगवर बसला होता. त्याने हात लांब करून आपल्या शेजारचं दार आतून उघडलं.

"या माणिकराव, पुढं बसा," तो म्हणाला. "मागं मालकीण बसली हाय."