जिना एकच आहे

"कट!" दिग्दर्शक अनीस सातव्यांदा ओरडला. "खाला, किंचाळू नका हो!"

मन्नूबियाबाईंना ते काही केल्या पटेना. त्या खलनायिका होत्या. दारात खोली मागायला आलेल्या काळ्या मुलीला हाकलून द्यायचं होतं, तेही कॅमेऱ्यासमोर. मग डोळे वटारायचे नाहीत, तर काय साखर वाटायची?

ट्यूनिसच्या जुन्या वस्तीतलं त्यांचं हे घर चित्रीकरणासाठी मबरूकाने शोधून काढलं होतं. मबरूका म्हणजे सिनेमाची नायिका, दक्षिणेकडच्या गाबेसची, रंगाने काळी आणि हसायला मोकळी. घरमालकिणीचं काम खऱ्या घरमालकिणीलाच द्या, हा हट्टही तिचाच. तेव्हापासून बाई तिच्यावर जाम खूश होत्या. पण आठव्यांदा फसलं तर भूमिका समोरच्या घरातल्या झकियाकडे जाणार होती, आणि झकिया सकाळपासून ओठ रंगवून गच्चीवर उभी होती.

"ही मालकीण बोलतेच मुळी गुळमुळीत!" मन्नूबियाबाई कुरकुरल्या. "लोकांना हिचा राग यायचा कसा?"

"येईल की," मबरूका म्हणाली. "ओरडू नका. हसा. आधी माझ्या हातावर खजुराची वडी ठेवा. मग दाराला टेकून, आवाज उतरवून बोला. आणि माझ्याकडे नाही, माझ्या बॅगेकडे बघा."

बाईंनी तसंच केलं. "खोली रिकामी आहे गं पोरी," त्या गोड हसून म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही. पण जिना एकच आहे. बाकीचे भाडेकरू काय म्हणतील?"

दिवे धरणाऱ्या माणसाने डोळे पुसले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला आणि झकिया पाय आपटत गच्चीवरून आत गेली.

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी मबरूकाला पोटाशी धरलं. "शहाणी गं माझी लेक! सगळं तूच लिहिलंस म्हणे? अशी नीच बाई तुला सुचली तरी कुठून? मी तर बाई जन्मात कुणाला असं बोलले नसते!"

"सुचलं काहीच नाही, खाला," त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून मबरूका म्हणाली. "मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. खोली बघायला आले, तेव्हा याच दारात तुम्ही जे बोललात, ते तस्संच उतरवलंय."