फुग्याखालची पेटी

"आभाळाला टाकायचंच व्हतं तर पाणी टाकायचं," सत्यभामा सासूच्या कानाशी पुटपुटली. "ही पेटी काय चाटायची?"

"गप ऱ्हा," सुंदरबाई म्हणाली.

चकलांब्याजवळच्या वस्तीत, दूध सोसायटीच्या ओट्यावर पेटी ठेवली होती. जाड थर्माकोलची, एका अंगाने दुभंगलेली, आत तारांचा गुंता. हैदराबादहून सोडलेल्या भल्यामोठ्या फुग्यानं ती विमानाच्याही तिप्पट उंच नेली होती. काम झाल्यावर छत्रीला लटकून खाली आली, ती नेमकी सुंदरबाईच्या विहिरीवर. छत्री रहाटाला अडकून फाटली आणि पेटी आत गेली. सुंदरबाईच्या लेकानं, धर्मराजनं, आत उतरून ती वर काढली.

न्यायला जीपमधून साहेब आला होता. पोरसवदा, पुण्याकडचा. पेटीवर हात ठेवून असा उभा, की बायकांना वाटलं, याच्या घरचंच कुणीतरी पडलंय.

"हेरगिरीचं तर न्हाई ना, सायेब?" सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव म्हणाले.

"नाही हो. वरच्या हवेतले किरण मोजायचं यंत्र आहे."

"असली हेरगिरी तरी आमची हरकत न्हाई. हितं बघाया म्हशीच तेवढ्या हायत."

सगळे हसले. साहेब हसला नाही.

"विहिरीत पडली ना? मग फुटली कशी? समुद्रात पडली तरी तरंगेल अशी बांधलीय आम्ही." तो धर्मराजकडे वळला. "कशानं फोडलीत? काय मिळेल वाटलं आत?"

धर्मराजनं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

पोहरा आधी गाळ घेऊन वर यायचा, आता नुसताच खडकावर वाजायचा. वस्तीला ठाऊक होतं. पण बाहत्तरच्या दुष्काळातही न आटलेली ती विहीर, आणि सुंदरबाई रोज म्हणायची, "झरा हाय, दम धरा." तिच्यापुढं तो शब्द कुणी काढत नव्हतं. वस्तीच्या सगळ्या म्हशी याच विहिरीवर जगलेल्या. शब्द काढला की म्हशी गेवराईच्या बाजारात, सोसायटीला कुलूप, आणि लेक-सून मुकादमाच्या ट्रकमध्ये, ऊसतोडीला. मागं म्हातारी एकटी.

"मला यांना पोलिसांत द्यावं लागेल," साहेब म्हणाला. "चला, विहीर दाखवा."

कुणी हललं नाही. अर्जुनराव चष्मा पुसायला लागले.

"बोला की," सत्यभामानं नवऱ्याला ढोसलं.

सुंदरबाई ओट्याला धरून उठली.

"त्याला नको नेऊ, लेकरा. त्यानं न्हाई फोडली. खाली खडक हाय."

तिनं पेटीच्या दुभंगलेल्या अंगावर हात ठेवला.

"विहीर आटली माझी."