मंत्राच्या जागी

टेलरने पान उलटले आणि तो अडखळला. पुढच्याच ओळीत मंत्र होता.

डोळ्यांच्या इस्पितळातल्या खाटेवर त्याची मुलगी छबू निश्चल पडून होती. दोन्ही डोळ्यांवर जाड पट्टी, आणि मान वळू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. पट्टी उद्या सकाळी निघायची होती. तोवर डोके तसूभरही हलता कामा नये, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. एवढी चळवळी पोर, ती स्वस्थ पडून राहावी असा एकच उपाय सापडला होता, आणि तो म्हणजे तिच्या मावशीने आणून दिलेले हे पुस्तक. त्यात कंदील सांभाळणारा एक मुलगा होता, त्याची बहीण होती, आणि पानोपानी जादू होती.

आता पंचाईत अशी, की चर्चच्या मंडळीच्या सभेत पाळकसाहेबांनी ‘जादूटोण्याची पुस्तके आपल्या लेकरांच्या हाती नकोत’ असे म्हटले, तेव्हा पहिला हात वर गेला होता तो टेलरचाच. तो त्याने मनापासून वर केला होता. म्हणून त्याने आपल्या धंद्यातली युक्ती योजली. अंगाला न बसणारा कपडा तो कधी टाकून देत नसे. आतून दुमडून मापात आणीत असे. गोष्टीचेही त्याने तसेच केले. जादूच्या छडीची साधी काठी झाली, आणि जिथे जिथे मंत्र आला, तिथे तिथे त्याने प्रार्थना बसवली.

“मुलगा बंद दारापुढे उभा राहिला,” तो वाचू लागला. “त्याने प्रार्थना केली, आणि दार उघडले.”

“भारी भाविक पोरगा हो तुमचा,” पलीकडच्या खाटेवरून मोतीबिंदूवाल्या आजी म्हणाल्या. “कंदील विझला, कर प्रार्थना. नदी आडवी आली, कर प्रार्थना. आमच्या नातवाला परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा देव आठवत नाही.”

“आजी, मधे बोलू नका ना,” छबू म्हणाली.

टेलर घाईघाईने पुढे सरकला. पान उलटले. तेवढ्यात गोष्टीत चेटकीण आली. तिची त्याने ऐनवेळी ‘दुष्ट बाई’ केली आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. पण हाताला वळण लागले की मशीन आपोआप चालू लागते. जिभेचेही तसेच झाले.

“दुष्ट बाईने डोळे मिटले, प्रार्थना केली, आणि तत्क्षणी मुलाच्या बहिणीची मातीची बाहुली झाली.”

वाचून झाल्यावर त्याला ते ऐकू आले.

बाहेरच्या व्हरांड्यातून औषधांची गाडी कुरकुरत गेली. छबूचे ओठ हलले.

“देवानं ऐकलं तिचं?”

“गोष्ट आहे गं ती, छबू.”

“पण ऐकलं ना? आणि लगेच ऐकलं.”

टेलरने स्टुलावर बसल्या जागी पाय बदलला, पुन्हा बदलला. “बरं, संध्याकाळ झाली. आपली प्रार्थना करून घेऊ, मग पुढचं वाचतो.”

“मला नाही करायची.”

“का गं?”

“तो कुणाचंही ऐकतो, बाबा. माझ्यासाठी पण कुणीतरी तसली प्रार्थना केली असेल. म्हणूनच डोळे असे झाले असतील.” बोलता बोलता तिने तोंड भिंतीकडे वळवले. वाळूची एक पिशवी सरकली आणि तिचा हात पट्टीकडे गेला.

टेलरने तो हात वरच्या वर धरला. आपली कात्री भलत्याच कापडावर चालली, हे त्याला उमगले.

“हलू नकोस, छबू. ऐक माझं. मी खोटं वाचलं. ती प्रार्थना नव्हती. मंत्र होता.”

“आणि कंदील पेटला तो?”

“मंत्र.”

“नदी?”

“तोही मंत्रच.”

“दार?”

“सगळे मंत्रच, माझे आई.”

“तरीच,” आजींच्या खाटेवरून आवाज आला.

छबूचे डोके हळूहळू सरळ झाले. टेलरने पिशवी होती तिथे नेऊन लावली. पोरगी रागावेल, असे त्याला वाटले होते. तिच्या चेहऱ्यावर मात्र, पट्टीखाली दिसत होता तेवढ्यावर, हायसे वाटल्यासारखे दिसले.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “प्रार्थनेनं दार इतकं पटकन उघडत नाही.”

मग कोणी न सांगता तिने छातीवर हात जोडले.

“प्रभू येशू, उद्या पट्टी काढल्यावर मला दिसू दे. लगेच नाही दिसलं तरी चालेल, मी थांबेन. बाबांना मात्र थांबवत नाही, तेवढं बघ. आमेन.”

“आमेन,” आजी म्हणाल्या.

टेलरच्या ओठांवर तो शब्द येईना. त्याचे बोट अजून पुस्तकात अडकलेले होते. त्याने पुस्तक उघडले आणि एक पान मागे उलटले. दार उघडण्याचा तो मंत्र तिथेच होता, ज्याच्यावरून त्याची नजर मघाशी विस्तवावरून जावी तशी निघून गेली होती. किती लहान होता तो; अवघे तीन शब्द. टेलरने ते मनातल्या मनात, एकेक अक्षर लावून वाचले, आणि छबूच्या पट्टीकडे पाहिले.