अर्ध्यावर

शिंप्याचा एक हट्ट होता: कापलेलं कापड आणि उघडलेलं पुस्तक अर्ध्यावर टाकायचं नाही. पुस्तक कितीही रटाळ निघो, जांभया देत, लेखकाला शिव्या घालत तो शेवटच्या पानापर्यंत जायचाच. "अहो, तुमची कोणी परीक्षा घेणार आहे का?" असं बायको लग्न झाल्यापासून विचारत आली होती.

सध्याची कादंबरी तर कहर होती. दोनशे पानं उलटली तरी नायक अजून घराबाहेर पडला नव्हता.

त्या दिवशी तो एकटाच दवाखान्यात जाऊन रिपोर्ट घेऊन आला. "काही विशेष नाही म्हणाले डॉक्टर," असं सांगून त्याने चहा घेतला, चष्मा लावला आणि कादंबरी उघडली. बायको शेजारी बसून एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटणं लावत होती. जेमतेम पानभर वाचून त्याने पुस्तक मिटलं, आतली खूण काढून घेतली आणि ते वाचनालयात परत करायच्या पिशवीत टाकलं.

"संपलं?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही गं, निम्मं उरलंय. पण काही दम नाही त्यात. कशाला उगाच वेळ घालवायचा?"

हेच तर ती इतकी वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडत होती. बटणात घातलेली सुई तिने तशीच अर्ध्यावर सोडली.

"अहो," ती म्हणाली, "डॉक्टर नक्की काय म्हणाले?"