ओळखा, शब्द कोणता

“मांजर!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि नववीचा अख्खा वर्ग हसला.

फळ्याजवळ उभी असलेली मुलगी हसली नाही. तिनं वही जराशी खाली घेतली आणि मान हलवली. म्हणजे चूक.

तास व्याख्येच्या निबंधाचा होता. बाईंची पद्धत ठरलेली. एक शब्द निवडायचा, तो चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी घडी घालून टेबलावर ठेवायची. मग निबंध असा लिहायचा, की तो शब्द त्यात एकदाही येणार नाही, पण ऐकणाऱ्याला ओळखता येईल. ती गोष्ट कोणत्या जातीची, तिच्या भावंडांहून वेगळी कशी आणि मुख्य म्हणजे ती काय नाही. वर्गानं ओळखलं की निबंध पास. मघाशी एकीनं ‘आळस’ घेतला होता आणि दोनच ओळी लिहून आणल्या होत्या. तो सगळ्यांनी लगेच ओळखला.

“पुढे वाच,” बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

ही मुलगी त्यांच्याच घरात राहत होती. तिची आई गेल्यावर दोन वर्षांनी बाई त्या घरात लग्न करून आल्या. वर्गाला हे माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मुलीनं सांगितलं होतं, “शाळेत सांगायचं नाही.” तेव्हापासून ती रस्त्यानं दहा पावलं पुढे चालायची. शाळेत सोपं होतं, शाळेत सगळ्याच ‘बाई’ म्हणत. घरात मात्र ती त्यांना काहीच म्हणायची नाही. हाक मारायची वेळ आली, की येऊन समोर उभी राहायची. चार वर्षं असंच चाललं होतं.

आज संध्याकाळी तिची मावशी येणार होती. मावशीकडे कायमचं राहायला जायचं की नाही, ते मुलीनंच ठरवायचं, कुणी तिला विचारायचंसुद्धा नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. बाईंनी विचारलं नव्हतं. सकाळी तिच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर अर्धी भरलेली बॅग होती. तेवढी दिसली आणि बाई मान खाली घालून पुढे गेल्या.

“मी तिला मागितलं नव्हतं,” मुलगी वाचत होती. “ती आपली आपण आली. ती घरातल्या गोष्टींच्या जातीची आहे, पण घरातल्या बाकीच्या गोष्टी कधी आल्या ते मला आठवत नाही. ही आली तो दिवस आठवतो. ती दार वाजवल्याशिवाय आत येत नाही. दार उघडलं नाही तर परत जाते, पण लांब जात नाही. मला ताप आला होता तेव्हा मी आत यायचं नाही म्हटलं, तर दोन दिवस बाहेर खुर्ची टाकून बसली.”

“पहारेकरी!”

“अगं, तो ‘ती’ कसा असेल? मोलकरीण!” ही टकळी. तोंडाची टकळी कधी थांबत नाही म्हणून वर्गानं तिला ते नाव दिलं होतं.

खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता. त्यात खडूची पूड तरंगत होती, वरही जात नव्हती, खालीही बसत नव्हती. त्या पुडीसारखंच सगळं अधांतरी झालं आहे, असं बाईंना वाटलं. बाक, वेण्या, हसू, आणि त्या स्वतः.

“भिंतीवर एक फोटो आहे,” मुलगी वाचत होती. “ती रोज सकाळी तो पुसते. त्या फोटोत ती नाही. ती काय नाही, ते सांगायचं तर एवढंच, की ती त्या फोटोची जागा नाही. तिनं ती कधी मागितली नाही.”

तिनं वही मिटून टेबलावर ठेवली. खिडकीजवळची एक अबोल मुलगी हळूच म्हणाली, “आई?”

“नाही,” फळ्याजवळची मुलगी म्हणाली. “तो शब्द एकदाच वापरता येतो.”

पद्धतीप्रमाणे बाईही आपला अंदाज स्वतःच्या वहीत लिहीत. त्यांनी लिहिला. परकेपणा. मग मनातल्या मनात हात जोडले आणि चिठ्ठीची घडी उलगडली.

चिठ्ठी कोरी होती.

“बाई, काय आहे? सांगा ना!” टकळी उठून उभी राहिली.

“काहीच लिहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं. “का गं?”

“तुम्ही सांगितलं होतं, आधी शब्द घ्या, मग त्याचा अर्थ शोधा. माझं उलटं झालं. अर्थ मिळाला. शब्द मिळत नाहीये.”

“मग नापास!” टकळीनं निकाल लावला. “शब्दच नाही तर आम्ही ओळखायचं काय, कप्पाळ?”

बाईंना हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. “नापास नाही,” त्या म्हणाल्या. “अपुरा आहे. सवडीनं पूर्ण करून दे.”

घंटा झाली. बाकं सरकली, दप्तरं उचलली गेली, वर्ग दारातून बाहेर सांडला. मुलगी वही घ्यायला टेबलाजवळ आली. बाईंनी तिच्याकडे न बघताच वही पुढे केली.

“पूर्ण करायला वेळ लागेल,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. “म्हणून मी सकाळीच मावशीला फोन केला, येऊ नकोस म्हणून.”