आपोआप उगवलेला वेल

"दुधी चिरलास की आधी एक तुकडा चाखून बघत जा. कडू निघाला तर ते विषच," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. "आई, हा बाजारातला नाही, आपल्या बागेतला आहे!"

बाग म्हणजे पाण्याच्या टाकीमागची सरकारी पडीक जागा. आमच्या आणि समोरच्या इमारतीने मिळून तिथे भाजी लावली. दुधी मात्र कोणीच लावला नव्हता, खताच्या ढिगाऱ्यावर तो वेल आपोआप उगवला. आपोआप उगवलं ते सगळ्यांचं, असा आमचा नियम. काल पहिले दोन दुधी काढले. एक मी ठेवला, दुसरा समोरच्या मास्तरकाकांना दिला. ते एकटेच राहतात.

आज सकाळी बाळासाठी दुधी चिरला आणि कसं कोण जाणे, एक तुकडा जिभेवर ठेवला. थुंकले, चुळा भरल्या, तरी कडूपणा जाईना. काकाही पहिल्या घासालाच थुंकतील, असं म्हणून मी हुश्श केलं. मग त्यांचं कालचं बोलणं आठवलं. "आजारपणात तोंडाची चवच गेली बघ, पोरी. आता कारलं काय नि केळं काय, मला सारखंच! सकाळचा दुधीचा रस मात्र चुकवत नाही."

फोन वाजतोय, ते उचलत नाहीत. बाळाला कडेवर घेऊन मी जिना उतरतेय. समोरच्या इमारतीत कोणी असाल तर आधी धावत जाऊन काकांचं दार वाजवा. त्यांच्या खिडकीतून येणारा मिक्सरचा आवाज आत्ताच थांबलाय.