वेदीवरचा फोटो

आजोबा होते, दोन्ही आज्या होत्या, गाडीखाली गेलेला कुत्रासुद्धा होता. फिदेन्सिओचा फोटो मात्र वेदीवर कुठेच नव्हता.

अन्सेल्मोने झेंडूच्या माळा बाजूला सारून पुन्हा पाहिलं. विम्याच्या दलालीत त्याची तीस वर्षं गेली होती. जे नाही तेच त्याला आधी दिसायचं. कंपनीचा तपासनीस तासाभरात येणार होता. त्याने मुद्दाम मृतांचा दिवस, घरोघरी वेदीवर मेलेल्यांचे फोटो मांडायचा दिवस, निवडला होता, आणि तो स्वतः होता इथलाच, मेक्सिकोतल्या या आल्वारादो बंदराचा. ज्याचा फोटो आज घरच्या वेदीवर नाही, तो घरच्यांच्या लेखी मेलेला नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवणं म्हणजे मरणाला आवतण देणं, एवढं तर शेंबडं पोरही जाणतं.

या घरची ओतिलिया त्याच्याकडे आली ती तीन एजंटांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्यावर. ते बिचारे कंपनीचं मीठ खाणारे. नवरा फिदेन्सिओ होडीसकट समुद्रात गेला, प्रेत सापडलं नाही, म्हणून दावा अडकला होता. इकडे नऊ वर्षांच्या लेकीच्या, निदियाच्या, हृदयाची शस्त्रक्रिया डॉक्टर नाताळापलीकडे ढकलायला तयार नव्हते. अन्सेल्मोने बंदराचा दाखला, तीन कोळ्यांच्या जबान्या, पाद्र्याचं पत्र, सगळं पायपीट करून जमवलं होतं. उरली होती ती आजची भेट.

"फोटो कुठाय, ओतिलियाबाई?"

"भिजून खराब झाला."

तिची नजर जमिनीवर होती. अन्सेल्मोला गलबलून आलं. त्याच्या आईनेही दोन वर्षं वडलांचा फोटो ठेवला नव्हता. ठेवला त्या दिवशी कुठे मोकळेपणी रडली. त्याने हे तिला सांगितलं.

"पुढल्या वर्षी ठेवीन," ती म्हणाली.

"पुढल्या वर्षापर्यंत निदिया थांबेल?"

अन्सेल्मोने दाव्याच्या फायलीतला फोटो काढला, स्वतःच्या हाताने आजोबांशेजारी टेकवला आणि मेणबत्ती लावली. ओतिलिया पांढरीफटक पडून भिंतीला टेकली. खिडक्या बंद होत्या, तरी त्याच्या मानेवरून काहीतरी गार सरकून गेलं. त्याला भीती वाटली, आणि या वयात वाटली याची लाजही.

तपासनीस आला, वेदीपुढे थांबला, छातीवर क्रूसाची खूण केली. थरथर कापणाऱ्या ओतिलियाला त्याने एकही प्रश्न विचारला नाही. सही करून जाताना अन्सेल्मोच्या कानाशी म्हणाला, असल्या दुःखाचं सोंग काही आणता येत नाही.

दार लागलं तशी ओतिलियाने झडप घालून फोटो उचलला, छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. तिची धाकटी बहीण चाबेला दूर ग्वातेमालाच्या सीमेवर राहायची. अन्सेल्मो कागद पिशवीत भरत होता. बहिणीचा आधार हवासा वाटला असेल, तो मनात म्हणाला.

"चाबेला, फिदेन्सिओला बोलाव. आधी त्याला फोन दे, बाकीचं मग."

अन्सेल्मोचे हात जागच्या जागी थांबले.

पलीकडून नुसता हुंदका आला, मग बहिणीचा आवाज. "तुला एवढ्यात कुणी कळवलं गं, ताई? अजून तर त्याला विहिरीतून वर काढतायत."